आगीच्या पोटचा चुना

टिळकवाडीतल्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
नागोजी मुतगेकर दगड कापत.
कागदोपत्री हुद्दा शिपाई.
नखांत कार्बोरंडमची करडी पूड,
आणि कॅनडा बाल्समचा गोडसर, राळेचा वास,
धुतल्या शर्टातूनही न जाणारा.

त्या वर्षी अंबाडोंगरहून पेटी आली,
गुजराती वर्तमानपत्रांत गुंडाळलेले अकरा दगड.
दहांना चिठ्ठ्या. अकरावा नुसताच:
मळकट पांढरा,
खिरीत चुकून सांडलेल्या मिऱ्यांसारखे आत काळे ठिपके.

सरांनी आम्लाचा थेंब सोडला. फसफसला.
"चुनखडी," म्हणाले, आणि बोटानेच दाखवलं
कपाट दोन, समुद्रतळाच्या दगडांचं.
मग चहाला गेले.

नागोजींनी तो उचलला, तळहातावर खालीवर केला.
"पोरी, उद्यमबागेत भावाच्या भट्टीला
चुनखडीच्या पाट्या वाहिल्यात मी दोन वर्सं.
ती एवढी भरत नाही की.
हे आतनं कायतरी खाऊन आलंय."
शेजारी होकायंत्र ठेवलं.
सुई थरथरली, उत्तर सोडून दगडाकडे वळली.

साठ्याची वही घेऊन बसलिंग हणबर दारात:
"याव कल्लु इदु, नागोजी?"
"सुण्णद कल्लु री. बेंक्यागिंद बंदैति."
बसलिंग हसला. चुना आगीत जातो, फुटतो,
आगीतून येतो कुठं?
नागोजी हसले नाहीत.
"वर डोंगराएवढं वझं असलं,
वायूला सुटायला जागाच नसली, तर?"
बसलिंगनं वहीत चुनखडी लिहिलं, एक नग.

तीन दिवस चाक फिरलं.
कॅल्साइटचा मऊ, पिठासारखा आवाज,
मध्येच कुठंतरी किर्रर्र.
"हां. ॲपेटाइट. ह्याला दात आहेत."
दोनशेची पूड, चारशेची, सहाशेची.
काचेला चिकटलेली चकती घासत घासत
तीन शतांश मिलिमीटर. त्याच्यापुढे एक वळसा जादा
आणि दगड संपला, हातात फक्त काच.
मी श्वास धरून उभी. ते मात्र
मुतग्याच्या बटाट्यांचा भाव सांगत होते.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं ते असं:
शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं गुलाबी-हिरवं कॅल्साइट.
ॲपेटाइट लांबीत कापलं गेलं तिथं करडं,
आडवं कापलं गेलं तिथं सहा कोनांचा अंधार.
फ्लोगोपाइटचं एक तपकिरी पान.
आणि कडेला मधाच्या रंगाचा कण,
वरचं भिंग आडवं घातलं की काळा,
बैठक कितीही फिरवा, काळाच.
पायरोक्लोर. नाव मी पुस्तकात शोधलं,
कण त्यांनी आधीच नखाने दाखवला होता.

"शंख दिसतोय? थर दिसतोय?"
नाही.
"मग समुद्र कुठनं आणायचा?"

एकवीस वर्षांनी त्याच दगडाचा कपचा
मी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला.
उत्तर आलं दोन आकड्यांत:
कार्बन उणे पाच, ऑक्सिजन अधिक आठ.
समुद्राचा चुना असे आकडे दाखवत नाही.
हा कार्बन प्रावरणाचा,
शंखशिंपल्यांतून कधीच न गेलेला.

कागद घेऊन मुतग्याला गेले.
अंगणात लसूण वाळत घातलेला.
मी आकडे वाचले, समजावले, पुन्हा वाचले.
ते ऐकत होते, की पाकळ्या मोजत होते,
कळलं नाही.
शेवटी म्हणाले,
"ते असू दे.
चकती फुटली नाही न्हवं?"

नाही फुटली. माझ्याजवळ आहे,
हिरकणीने कोपऱ्यात ओरखडलेला नंबर: ४११७.

दगड कॉलेजात आहे.
कपाट दोन, खालून तिसरा खण.
वहीत अजून चुनखडी, एक नग,
कन्नडमध्ये, बसलिंगच्या सुंदर अक्षरात.